दोनशे नव्हे, साठ

संशोधनाच्या फेलोशिपला नकाराचा मेल आला तेव्हा मी कुर्ल्याच्या पुलावर होते. खारघरहून हार्बरने कुर्ला आणि तिथून धीम्या लोकलने परळ, हा माझा नेहमीचा रस्ता. कठड्याला टेकून मेल वाचला. तीन तज्ज्ञांचे अभिप्राय सोबत जोडले होते. दोघांनी विषय महत्त्वाचा आहे, मांडणी चांगली आहे, असं म्हटलं होतं. तिसऱ्यांनी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. दोन वर्षांत दोनशे रुग्णांचे नमुने गोळा करू असं अर्जदार म्हणते. ते कुठून येणार याचा हिशेब अर्जात कुठेच नाही.

तेव्हा राग आला. ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ची. त्या दोन ओळी मी नंतर कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवल्या, अजून तिथेच आहेत.

कर्करोगावर काम करणारी मुलं-मुली मला हल्ली विचारतात, ताई, कुठली फेलोशिप भरू? त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

२०१६ साली नेटची परीक्षा पास होऊन पीएचडीसाठीची सरकारी जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) लागली तेव्हा महिन्याला २५,००० रुपये मिळायचे. दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर) झाले आणि जानेवारी २०१९पासून ते ३५,००० झाले. (२०२३पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० आहे.) ही फेलोशिप पाच वर्षांची. माझी पीएचडी सहा वर्षांची झाली, कारण मधे कोविड आला आणि पेशी वाढवायच्या खोलीला कित्येक महिने कुलूप होतं. शेवटचं वर्ष माझ्या गाइडच्या, म्हणजे सरांच्या, प्रकल्पातल्या तात्पुरत्या जागेवर काढलं. वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या वसतिगृहात खोली मिळाली होती, म्हणून निभावलं. ही संघटना १९७३ साली ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या कमल रणदिवे परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात काम करायच्या. कर्करोगाच्या संशोधनात जगभर वापरतात त्या हीला पेशी जिथे पहिल्यांदा वाढवल्या गेल्या, त्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत त्या फेलोशिपवर गेल्या, तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळला टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. त्या खोलीत बसून अर्ज भरताना मला त्यांचा फार आधार वाटायचा.

मार्च २०२२मध्ये प्रबंध दिला आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, वही घातली. डाव्या बाजूला योजनेचं नाव, उजव्या बाजूला अटी. पहिल्या पंधरा दिवसांत निम्मी नावं खोडली गेली. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचं नाव खोडताना वाईट वाटलं. सर दोराबजी टाटांनी १९३२ साली, पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्यानंतर हा ट्रस्ट काढला. मुंबईच्या मातीतली गोष्ट ती, पण आंतरराष्ट्रीय पारितोषिकं रक्ताच्या कर्करोगावरच्या कामासाठी, आणि माझा विषय तोंडाचा कर्करोग. यूआयसीसी ही जिनिव्हाची संस्था एखादं तंत्र शिकायला महिनाभर दुसऱ्या देशात पाठवते. उत्तम योजना, पण त्यावर पोट चालत नाही. फुलब्राइट-नेहरू अमेरिकेला नेते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. माझी त्याला हरकत नव्हती, पण माझे रुग्ण इथे होते. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला तेव्हा पस्तिशीची अट होती, मुदत दोन वर्षं, महिना ५५,००० आणि घरभाडं. इंडिया अलायन्स ही जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली मिळून सुरू केलेली. तिची अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची आणि वयाची अट नाही. हिच्याभोवती मी पेनने चौकट केली, पण धीर झाला नाही. आधी दुसऱ्या एका सोप्या वाटणाऱ्या योजनेकडे अर्ज टाकला, तोच हा नकार आलेला.

तो दोनशेचा आकडा मी कुठून आणला होता? एका परदेशी शोधनिबंधात एकशे ऐंशी रुग्ण होते, मी वीस वाढवले. आमच्या लॅबमध्ये तो अर्ज पाच जणांनी वाचला, त्यातल्या एकानेही आकड्यावर बोट ठेवलं नाही. सगळे इंग्रजी सुधारत होते.

जानेवारी २०२३मध्ये मी परळच्या कर्करोग रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी विभागात, जिथे गाठी तपासतात तिथे, जाऊन बसायची परवानगी काढली. तिथल्या ब्लॉकच्या खोलीत परबकाका होते. रुग्णाच्या गाठीचा तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. काकांनी तीस वर्षं तेच सांभाळले होते. मी म्हटलं, काका, मला मागच्या वर्षभरातले गालाच्या आणि जिभेच्या कर्करोगाचे, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण मोजायचेत. ते म्हणाले, "सुरुवातीचे? बाळा, आपल्याकडे सुरुवातीला येतंय कोण?"

सहा आठवडे मी आठवड्यातून तीन दिवस नोंदी वाचल्या. यादी सुरुवातीला लांबलचक होती आणि दर आठवड्याला आखडत गेली. बरेच रुग्ण गाठ वाढल्यावर, तोंड उघडेनासं झाल्यावर आलेले. काहींची शस्त्रक्रिया आधीच गावाकडे कुठेतरी अर्धवट झालेली, त्यामुळे मूळ गाठ आमच्या हाती नाही. काहींना आधी केमो दिलेला, म्हणजे पेशींचं मूळ रूप बदललेलं. काहींच्या बायॉप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, निदानाच्या तपासण्यांतच संपलेला. काकांनी असा एक ब्लॉक उजेडात धरून दाखवला, मेणात नुसती रिकामी जागा उरली होती. आणि जे सगळ्या चाळण्यांतून खाली आले, त्यांतले कितीतरी उत्तर प्रदेश-बिहारकडचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेऊन परत गेलेले. त्यांचं पुढे काय झालं, हे फाइलमध्ये नव्हतं.

शेवटी हिशेब लागला. संमती देणारे आणि पुढे संपर्कात राहणारे धरले तर तीन वर्षांत साठ. दोन वर्षांत दोनशे नव्हे.

साठ हा आकडा हातात आल्यावर मूळ प्रपोजल टिकेना. दोनशे रुग्णांत अख्खा जीनोम, म्हणजे पेशीतली सगळी जनुकीय माहिती, चाळून काय सापडतंय ते बघू, असं ते होतं. साठांत असं काही करणं म्हणजे अंधारात चाचपडणं. सर म्हणाले, साठ जणांत खरं उत्तर मिळेल असा प्रश्न शोध. तो शोधायला दोन महिने लागले, आणि तो सापडला टाटा मेमोरियलच्याच जुन्या कामात. तिथल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापली होती. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असताना मानेतल्या लसीकाग्रंथी (हा आजार सहसा आधी जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथी) लगेच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्यानंतर हा प्रश्न मिटला, लगेच काढायच्या. पण काढलेल्या ग्रंथी तपासल्यावर बऱ्याच जणांच्या पूर्ण स्वच्छ निघतात. त्या माणसाने मानेवरचा छेद, आखडलेला खांदा, सगळं भोगलेलं असतं. तर मग पहिल्या बायॉप्सीच्या तुकड्यातच काही खुणा असतील का, की हिचा आजार मानेत उतरलाय, हिचा नाही? खुणा म्हणून चार प्रथिनं, साठ रुग्ण, एक प्रश्न. उत्तर हो आलं तरी उपयोगी, नाही आलं तरी उपयोगी.

एप्रिलमध्ये रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची कागदपत्रं करायला घेतली. हे काम लोक अर्जाच्या शेवटी ठेवतात, फेलोशिप मिळाल्यावर बघू म्हणतात. माझं म्हणणं आहे, आधी करा. रुग्णाला कळेल त्या भाषेत संमती घ्यावी असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मी इंग्रजी संमतीपत्राचं मराठी केलं आणि स्वतःवर खूश होते. "सदर संशोधनात आपला सहभाग ऐच्छिक असून" वगैरे. परबकाकांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे खाली ओपीडीत कुणाला तरी वाचून दाखव.

सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, लहानपणापासून मशेरी लावणाऱ्या. संमतीसाठी नव्हे, फक्त भाषा कळते का हे विचारायला त्यांच्या शेजारी बसले, तसं सांगितलंही. "ऐच्छिक" म्हणजे त्यांना वाटलं, इच्छा विचारतायत, म्हणजे शेवटची. त्या घाबरल्या. "नमुना" म्हटल्यावर विचारलं, म्हणजे अजून एकदा कापणार? मी म्हटलं, नाही मावशी, डॉक्टरांनी तपासायला जो तुकडा आधीच घेतलाय त्यातलं उरलेलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मी नको म्हणलं, तर नंबर मागं ढकलतील का?" हे वाक्य माझ्या पत्रात होतं, नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही, पण तिसऱ्या पानावर, सर्वांत खाली.

मी ते पत्र पुन्हा लिहिलं. पहिलीच ओळ केली: "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा नंबर, तुमची औषधं, तुमचे डॉक्टर, काहीही बदलणार नाही." दुसरी ओळ: "यासाठी तुम्हाला पुन्हा कापणार नाही, टोचणार नाही." हिंदीतही तसंच केलं. पाच पानांचं दोन पानांवर आलं. या सगळ्या दोन वर्षांत मी लिहिलेल्या कागदांपैकी सर्वांत चांगला कागद तोच, असं मला वाटतं.

इंडिया अलायन्सचा प्राथमिक अर्ज त्यामानाने लवकर झाला. तो पुढे सरकल्यावर पूर्ण अर्ज, मग बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय, मग मुलाखत. पूर्ण अर्जातलं खर्चाचं अंदाजपत्रक मात्र मी चुकवत होते. सगळा पैसा एका यंत्रावर आणि परदेशातून मागवायच्या, प्रथिनं ओळखायला लागणाऱ्या अँटिबॉडींवर टाकला होता. अकाउंट्सच्या मॅडमनी कागद बघून विचारलं, साठ लोकांना तीन वर्षं फोन कोण करणार? तू? मग यंत्र काढलं, ते शेजारच्या लॅबमध्ये होतंच, आणि त्याजागी एक माणूस घातला. मराठी, हिंदी, भोजपुरी बोलणारा, रुग्णांच्या संपर्कात राहणारा. विज्ञानाच्या अर्जात यंत्र शोभतं म्हणून आपण यंत्र लिहितो. माझ्या साठाला गरज माणसाची होती.

वैयक्तिक निवेदनात मी गावाबद्दल लिहिलं. माझा जन्म तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला. मी सात-आठ वर्षांची असताना गावात आरोग्यवाल्या ताया यायच्या, घरोघरी बायकांची नावं लिहून घ्यायच्या आणि तपासणीला न्यायच्या. आईही गेली होती. त्याचा अर्थ मला पीएचडीत कळला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली होती, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर. २००९ साली छापलेल्या त्या निबंधात १,३१,७४६ स्त्रिया आहेत. एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळलं. कुणीतरी गाव न् गाव चालून तो आकडा मोजला होता, शेवटच्या सहापर्यंत. माझी आई त्यांतली एक असणार.

मुलाखत २०२४च्या सुरुवातीला झाली. आदल्या रात्री झोप लागली नाही. प्रथिनांवरचे प्रश्न अपेक्षित होते, ते आले. तुमचं काम तुमच्या गाइडच्या कामापेक्षा वेगळं कसं, हेही आलं. त्याची तयारी प्रत्येकाने करावीच. मग एका बाईंनी विचारलं, साठच का? जास्त का नाहीत? मी सहा आठवड्यांची चाळण सांगितली. उशिरा येणारे, आधी शस्त्रक्रिया झालेले, केमो घेतलेले, दाण्याएवढे तुकडे, परत गेलेले. प्रत्येक टप्प्यावर किती गळले ते तोंडपाठ होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त कागदावर काहीतरी लिहिलं.

निकाल आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. सरांनी खुर्चीवरून उठून हात जोडले, हे मी विसरणार नाही. मंजुरीनंतर करार, खातं, नेमणुकीचा आदेश यांत काही महिने गेले. त्या काळासाठी चार पैसे बाजूला ठेवा, मुंबईत घरभाडं कुणासाठी थांबत नाही.

काम सुरू होऊन आता दुसरं वर्ष सरत आलंय. फोन करायला नेमलेला मुलगा बलियाचा आहे, लोक त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलतात, घरच्या लग्नांचीही आमंत्रणं देतात. आतापर्यंत फक्त तिघांचा पत्ता लागत नाही. परबकाका गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले, मालवणला असतात. परवा एकेचाळिसावा ब्लॉक हाती आला. पॅराफिन भरपूर, तुकडा चांगला मोठा. मी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि काकांना फोन लावला.