साखर ठेवली, पण आकडा तोच होता

नौपाड्यातल्या लॅबमधला बाबांचा रिपोर्ट मी जिन्यातच उघडला. डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळीची खूण शोधणारी तपासणी, ५४०. तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलमध्ये ११८० होता. "अर्ध्यावर आला गं आई!" मी दारातूनच ओरडले. आईने देवापुढे साखर ठेवली.

खरं तर ही तपासणी बाबांच्या हृदयासाठी झालीच नव्हती. अटॅक, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, सगळं दोन दिवसांत उरकलं. पाचव्या दिवशी त्यांना धाप लागायला लागली, म्हणून फुप्फुसात गुठळी गेली नाही ना हे पाहायला डॉक्टरांनी डी-डायमर आणि सीटी स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ निघाला. आकडा मात्र माझ्या डोक्यात अडकला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या सोसायटीत ज्याच्या त्याच्या तोंडी डी-डायमर होता, त्यामुळे नावानेच धडकी भरायची. त्यात रात्री मोबाइलवर वाचलं, की अटॅकनंतर ज्यांचा डी-डायमर जास्त, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलंय. मग झोप कसली! कोणी सांगितलेलं नसताना मीच बाबांना लॅबमध्ये घेऊन गेले.

फॉलोअपला दोन्ही कागद अभिमानाने टेबलावर ठेवले. डॉक्टरबाईंनी पेनाने युनिटचा रकाना दाखवला. हॉस्पिटलच्या कागदावर एफईयू, लॅबच्या कागदावर डीडीयू, म्हणजे मोजायची एककंच वेगळी. मी तो रकाना कधी पाहिलाच नव्हता. "डीडीयूचा आकडा साधारण दुप्पट केला की एफईयू येतो," त्या म्हणाल्या. म्हणजे ५४० चे १०८०. होता तिथेच. आईची साखर फुकट गेली.

मग त्यांनी नीट सांगितलं. रक्ताची गुठळी फायब्रिनच्या जाळीने बांधली जाते. शरीर ती जाळी तोडतं, तेव्हा जे तुकडे रक्तात येतात ते डी-डायमर. गुठळी कुठे झाली, हे तुकडे सांगत नाहीत. बाबा ७२ वर्षांचे, वयाबरोबर हा आकडा तसाही चढतो. शिवाय मनगटावर अँजिओग्राफीचा काळानिळा डाग अजून होताच, त्यानेही आकडा वाढू शकतो. अभ्यास खोटे नाहीत, पण ते हजारो रुग्णांच्या गटाबद्दल बोलतात. धोका मोजायला डॉक्टर जो 'ग्रेस' स्कोअर वापरतात, त्यात वय, नाडी, रक्तदाब, किडनीचं क्रिएटिनिन, ईसीजी, हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं ट्रोपोनिन वगैरे असतं, डी-डायमर नाही.

"ते राहू दे. काका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली टिकाग्रेलोर दोन्ही वेळा घेता ना?"

बाबा छताकडे बघायला लागले. संध्याकाळची गोळी ते आठवडाभर घेतच नव्हते! "ती घेतली की धाप लागते," एवढंच म्हणाले. मी तिकडे आकडे जुळवत बसले होते आणि नवा स्टेंट अर्ध्या औषधावर चालला होता. बाई पहिल्यांदाच कडक झाल्या: स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दुसरा अटॅक, तोही मोठा. धाप हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे, सांगितलं असतं तर तेव्हाच बदलली असती. त्यांनी ईसीजी काढला, छाती तपासली आणि त्या गोळीऐवजी क्लोपिडोग्रेल लिहून दिली.

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "तुझी आई घाबरेल म्हणून बोललो नाही." मी काय बोलणार? मीही तिला ११८० चा अर्थ कुठे सांगितला होता.