गाऊन मोकळी झाली पोर

"अगं, हिला काही दुखतंय का?"

आई मागून माझ्या मोबाईलमध्ये डोकावत होती. स्क्रीनवर अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन. १९६७ चा जून, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे संगीत महोत्सव. बिग मामा थॉर्नटनचं ब्लूज गाणं, डोळे घट्ट मिटलेले, पाय आपटत, आवाज फाटेस्तोवर गाणारी २४ वर्षांची टेक्सासची मुलगी. समोर बसलेली मामा कॅस, स्वतः एवढी मोठी गायिका, आ वासून बघतेय.

गाणं संपलं आणि जॅनिस शाळा सुटल्यासारखी उड्या मारत आत पळाली.

आई म्हणाली, "बघ. गाऊन मोकळी झाली पोर."

मी हा व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिलाय. पण त्या उड्यांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

खरं तर तिथे ती दुसऱ्यांदा गात होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती अशीच जीव तोडून गायली होती, पण तिच्या बँडच्या मॅनेजरने चित्रीकरणाला नकार दिलेला. लोक इतके भारावले की रविवारी पुन्हा उभं केलं तिला. सॅन फ्रान्सिस्कोबाहेर फारसं कुणी ओळखत नसलेली ही मुलगी त्या दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झाली. पुढे जेमतेम तीन वर्षं मिळाली तिला. २७ व्या वर्षी गेली.

आईने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी एक शब्द बोलली नाही.

आई दर गुरुवारी भजनी मंडळात गाते. गाताना तिचा चेहरा कसा होतो, हे मी कधी नीट बघितलंय का?