सबटायटल नसलेला रविवार

चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे. जपानी इंजिनिअर आणि आपली माणसं यांच्या मधोमध उभं राहून दिवसभर बोलायचं. या कामात ‘साहेब म्हणतायत की’ असली शेपटं लावायची नसतात. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे मीटिंगमध्ये मी खुशाल ‘हा लॉट मी परत पाठवतो’ म्हणते. आता कोणी हसत नाही.

त्या रविवारी मात्र काम फुकटचं होतं. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मुलांसाठी जपानी दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदांचा ‘किसेकी’ (2011) दाखवायचा होता. परवानगी रीतसर काढली होती, सतरंज्या घातल्या होत्या, पोरं आणि आज्या मिळून साठेक जण जमले होते. सिनेमा सुरू झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. पेन ड्राइव्हवर मी फक्त सिनेमा घेतला होता. सबटायटलची फाइल घरच्या लॅपटॉपवर! चूक माझी, त्यामुळे माइकही माझ्याच हातात आला.

गोष्ट तशी सोपी. आईबाप वेगळे झालेत. थोरला आईबरोबर आजोळी, कागोशिमाला. धाकटा बापाबरोबर फुकुओकाला. ही दोन्ही गावं ज्या बेटावर आहेत त्या क्युशूची बुलेट ट्रेन पूर्ण मार्गावर सुरू होणार असते, आणि समोरासमोरून येणाऱ्या पहिल्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना मागितलेलं खरं होतं, अशी पोरांमध्ये आवई उठते. थोरल्याला काय हवं? कागोशिमाजवळचा सकुराजिमा ज्वालामुखी फुटावा, म्हणजे सगळ्यांना पुन्हा एकत्र ओसाकाला राहावं लागेल.

पंचाईत अशी की हे दोघे भाऊ ओसाकाच्या बोलीत बोलतात. त्यात कोरे-एदांनी या सिनेमात लहान मुलांना संहिता वाचायला दिली नव्हती, संवाद ऐनवेळी तोंडी सांगितले होते. त्यामुळे पोरं खरीखुरी बोलतात, म्हणजे अर्धवट आणि एकमेकांवर. कारखान्यातली माझी इस्त्रीची मराठी पाचव्या मिनिटाला संपली. मग तोंडातून माझं कोल्हापूर बाहेर पडलं. ‘आरं, ही राख रोज कोण झाडणार?’ हॉल हसला. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. त्यामुळे दोघे भाऊ आणि नटी व्हायला निघालेली मेगुमी, तिघांनाही एकच क्रियापद पुरलं. पुण्यात येऊन जे बोलणं मी मुद्दाम घासून काढलं होतं, तेच कामाला आलं.

गाड्यांचा प्रसंग आला. दोन्ही बाजूंनी गाड्या, कानठळ्या बसवणारा आवाज आणि सगळी पोरं एकदम ओरडतात. एकाच्या पाठपिशवीत त्याचा मेलेला कुत्रा आहे, तो उठावा म्हणून तो ओरडतोय. मी कुणाचं सांगू? माइक खाली केला. आवाज असूनही गप्प बसण्याची ही माझी पहिलीच वेळ.

थोरला मात्र काहीच मागत नाही. नंतर धाकट्याला सांगतो की मी घरच्यांपेक्षा ‘सेकाई’ निवडलं. सेकाई म्हणजे जग. शब्दकोशात एवढंच. पण बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी ‘जग’ भाषणातल्यासारखं वाटू नये, असं कसं म्हणायचं? सेकंदभर अडले आणि म्हणाले, ‘मी आपलं सगळ्यांचं बघितलं.’ चुकीचं भाषांतर आहे. कारखान्यात असं केलं असतं तर बोलणी खाल्ली असती. पण अजून मला त्याहून बरं सुचलेलं नाही.

दिवे लागल्यावर पुढच्या सतरंजीवरच्या मुलाने विचारलं, ‘पण कुत्रा उठला का?’

‘नाही उठला.’

‘मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?’

तेवढ्यात एका आजींनी मध्येच तोंड घातलं. सिनेमातले आजोबा करतात ती पांढरी मिठाई कशाची? करुकान, मी म्हटलं. तांदळाचं पीठ, साखर आणि एक कंद किसून घालतात आणि वाफवतात. ‘म्हणजे गोड ढोकळाच की,’ आजी म्हणाल्या आणि चपला शोधायला गेल्या.

सोमवारी घसा पार बसला होता. सकाळच्या मीटिंगला जपानी साहेबांनी काय झालं विचारलं, तर मी चक्क ओसाकाच्या बोलीत उत्तर दिलं.