बाईंचा वाफा

स्मरणिकेसाठी शाळेविषयी काहीही लिहा, असं पत्रात म्हटलंय. निकाल, चषक, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. मी विज्ञानाच्या बाईंवर लिहिणार. कोणत्या बाई, हे आपल्याला सांगायला नको.

प्रयोगशाळेमागचा त्यांचा वाफा धड्यांइतकाच सक्तीचा होता. शेवंती फुटव्यांवरून लावतात, एवढंच आम्हाला ठाऊक. बाईंनी बियांवरची वार्षिक शेवंती आणली. पांढरी पाकळी, आत तांबडं कडं, बुडाशी पिवळं आणि मधोमध काळपट जांभळा डोळा. ती मूळची मोरोक्कोची, म्हणून भूगोलाचा नकाशाही वाफ्यावर आला!

बी कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरलं, वर चाळलेली माती भुरभुरली. दीडएक आठवड्यात ओळी हिरव्या झाल्या आणि बाईंनी फर्मान काढलं, "दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, मधली उपटा." वर्ग गप्प. एक मुलगी तर रडायलाच लागली. "बाई, चांगली जिवंत आहेत हो ही!"

"दाटीत ठेवलीस तर सगळीच किडकिडीत होतील," बाई म्हणाल्या. तरी तिची समजूत काढायला उपटलेली रोपं मातीसकट कागदावर घेऊन त्यांनी शेजारच्या वाफ्यात लावून दिली. शेवंती आणि झिनिया तगली. कॅलिफोर्निया पॉपीचं एकही रोप वाचलं नाही; तिच्या सोटमुळाला धक्का सोसत नाही. सहामाहीला बाईंनी नेमका हाच प्रश्न घातला. ती मुलगी वर्गात पहिली आली, हे ओघानं आलंच.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात, सुकलेली फुलं काढत राहा म्हणजे बहर लांबतो, हे सगळं त्यांचंच. आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे, चांगली चालते. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला विरळणीला बसवतो. कोणाचा हात थरथरतो ते लगेच कळतं.

मागे शाळेत आलो तेव्हा वाफ्यावर फरशी घातलेली दिसली. स्कूटरींची सोय झाली असेल, मला ते मुळीच आवडलं नाही. हौदाशेजारची पट्टी अजून मोकळी आहे आणि तिथे दिवसभर ऊन असतं. वार्षिक शेवंती, झिनिया, कॉस्मॉस आणि नॅस्टर्शियमचं बी मी दरवर्षी पाठवीन. शेवटच्या दोघांना मात्र खत घालू नका, नुसता पाला माजतो.