माझीच प्रेस नोट

माझ्या नव्या गाण्याची बातमी आली. दोन-तीन ठिकाणी आली, फोटोसकट. खरं तर नाचायला हवं. पण सगळीकडे मजकूर एकच आणि तोही माझाच. गुरुवारी रात्री मीच माझ्याबद्दल ‘त्यांनी’, ‘त्यांच्या’ करत लिहिलेली प्रेस नोट, स्वल्पविरामासकट. ‘आपल्या सुरेल आवाजाने रसिकांना मंत्रमुग्ध करणाऱ्या...’ हे मी लिहिलंय, स्वतःबद्दल. शी!

म्हणजे गाणं कुणीच ऐकलं नाही. लिंक खालीच होती. ऐकलं असतं तर दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटतो ते कळलं असतं. तो टेक मुद्दाम ठेवलाय, त्यावरून रेकॉर्डिस्टशी वाद घातलाय. ‘वरच्या पट्टीत गायिका कमी पडते’ असं कुणी छापलं असतं तरी मी आज जेवले असते.

आता यात नवीन काय? मीही पत्रकारच, बातम्यांच्या डेस्कवर काय होतं ते मलाच ठाऊक नाही का? शुक्रवार तोंडावर, दोन प्रेस शो, एक ट्रेलर लाँच, कुणाचा तरी बाइट राहिलेला आणि पीआरवाल्यांचे मजकूर मथळ्यासकट तयार. गाणं ऐकायला चार मिनिटं लागतात, मजकूर चिकटवायला चार सेकंद. सगळं ठाऊक आहे. तरी लागलं. निदान एकीनं तरी ऐकायला हवं होतं, तिला तर मी... असो.

दादांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन मी केलं, त्या पुस्तकाच्या वेळी असं झालं नव्हतं. मुखपृष्ठावर दादांचं नाव ठसठशीत, माझं खाली बारीक, प्रकाशनाला हार त्यांना. काही वाटलं नाही. आयुष्य त्यांचं होतं, वाक्यं तेवढी माझी. इथे दोन्ही माझंच आहे, म्हणून असेल.

बाबा असते तर त्यांनी ऐकलं असतं. नको, तो विषय आज नको.

२०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा पक्का झाला, तेव्हा मी त्यावर भलामोठा लेख लिहिला होता. आज माझ्या गाण्याची गीतकार मी, संगीतकार मी, निर्मातीही मीच. वाटणीवरून भांडण नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १००० वेळा वाजल्याशिवाय रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत धरतच नाहीत. माझं आधीचं गाणं त्या उंबरठ्याच्या बाहेरच बसलंय. त्यामुळे तिघीही गुण्यागोविंदानं नांदतोय.

आत्ता परत वाचलं. एका ठिकाणी एक शब्द वाढवलाय, ‘नवोदित’. या वयात! चला, कुणीतरी स्वतःच्या मनानं काहीतरी लिहिलं म्हणायचं.

पुढच्या गाण्याच्या नोटमध्ये पहिलंच वाक्य टाकणार आहे: दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचा आवाज फाटतो. छापतील.