पुढच्या कॉर्व्हेटविषयी मी गप्प का

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. पुढच्या पिढीच्या कॉर्व्हेटचे, म्हणजे शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारचे, एखादे चित्र फिरू लागले की तुम्ही माझे मत विचारता, आणि मी गप्प राहिलो की माझी आवड संपली असे धरून चालता. ते खरे नाही.

2017 च्या ऑगस्टमध्ये, वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या-नव्या गाड्यांच्या रस्त्यावरच्या जत्रेच्या दिवशी, मिशिगनमधल्या बर्मिंगहॅमजवळ आम्ही काही मराठी मंडळी रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलो होतो. माझे एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांनी इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे हातमोजे काढून माझ्या गाडीची बॅटरी बदलून दिली होती, त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. काळ्यापांढऱ्या नक्षीने झाकलेल्या, चाचणीवरच्या पुढच्या कॉर्व्हेटचा म्हणून तो फोटो फिरत होता; तोवर विक्रीला आलेल्या प्रत्येक कॉर्व्हेटचे इंजिन पुढे असे. दोन बोटांनी तो मोठा करून ते म्हणाले, "हे बघ, दाराची कड आणि पुढचे चाक किती जवळ आले आहे. इंजिन पुढे मावणार कुठे?"

सस्पेन्शनच्या कामात वीस वर्षे काढलेल्या मला ते अंतर त्यांच्या आधी दिसले होते. तरीही मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "फोटो बनावट आहे, आणि हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्यांनी आम्हाला गाडी शिकवू नये." त्यांनी फोन खिशात ठेवला, खुर्चीची घडी घातली आणि "ऊन वाढले आहे" एवढेच म्हणून ते निघून गेले.

माझ्या अविश्वासाला आधार नव्हता असे नाही. कॉर्व्हेटचे नामवंत अभियंते झोरा आर्कस-डन्टोव्ह यांनी 1960 च्या दशकापासून इंजिन मागे नेण्याचा ध्यास घेतला होता. 1976 ची एरोव्हेट, म्हणजे इंजिन मागे असलेली प्रायोगिक कॉर्व्हेट, तर आता येणारच असे वाटत असताना बारगळली. जी अफवा इतकी वर्षे खोटी ठरली, तिच्यावर विश्वास न ठेवणे हा शहाणपणाच होता. पण फोटो बनावट म्हणणे हा शहाणपणा नव्हता. दारात माझी सी-7, म्हणजे सातव्या पिढीची कॉर्व्हेट, उभी होती आणि तिचे लांबलचक बॉनेट हाच कॉर्व्हेटचा प्राण आहे, असे मी स्वतःला पटवून ठेवले होते. त्याच सी-7 चे कोनदार मागचे दिवे 2013 मध्ये पाहून, 1961 पासूनच्या गोल दिव्यांशी ही गद्दारी आहे, असे मीच म्हटले होते. पुढच्याच वर्षी ती गाडी मी घेतली.

18 जुलै 2019 ला कॅलिफोर्नियात सी-8 वरचा, म्हणजे आठव्या पिढीवरचा, पडदा उठला आणि इंजिन आसनांच्या मागे निघाले. मागच्या चाकांवर भार वाढल्याने वेग घेताना पकड सुधारते, हे मला मान्य आहे. काचेतून समोर लांब बॉनेट दिसत नाही, हे मात्र अजून सलते. त्या रात्री मी त्या स्नेह्यांना फोन केला. "छान झाली रे गाडी," ते म्हणाले, आणि मुलांची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. माफीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आता दिवाळीला तेवढा फोन होतो.

1963 च्या कॉर्व्हेटच्या मागच्या काचेचे दोन भाग करणारा मधला दांडा डन्टोव्ह यांना नको होता, कारण त्यामुळे मागचे दिसत नसे. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख बिल मिचेल तो ठेवण्यासाठी अडून बसले, पण वर्षभरातच तो दांडा गेला. आज संग्राहक नेमकी तीच गाडी शोधतात, आणि 2025 मध्ये जनरल मोटर्सच्या इंग्लंडमधल्या स्टुडिओने दाखवलेल्या संकल्पना-गाडीत त्या दांड्याची आठवण पुन्हा अवतरली आहे. तिच्याविषयी मला पुष्कळ बोलायचे आहे. ते आधी त्या स्नेह्यांशी बोलायचे आहे.