टर्बो बसवला आणि गाडीच बसली

बर्फात गाडी चालवायचीच कशाला, आणि चालवायचीच तर तिला वर टर्बो कशाला, असे दोन प्रश्न मामाने एका दमात विचारले. पहिल्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. इथे रेव्हेलस्टोकला, कॅनडाच्या या डोंगराळ कोपऱ्यात, नोव्हेंबर उलटला की निम्मं गाव स्कीवर असतं आणि निम्मं स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीवर. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: उंची. गाव पुण्यापेक्षाही थोडं खालीच आहे, पण गाड्या फिरतात त्या २००० मीटरच्या आसपास. सिंहगड १३०० मीटर, त्याच्याही पुष्कळ वर. हवा विरळ झाली की इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. तिथे पोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेला असतो, आणि कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात चढावर नेमका तोच लागतो. टर्बो हवा दाबून आत कोंबतो आणि गेलेली ताकद भरून काढतो.

मामाला यात रस वाटला तो एकाच शब्दाने: टू-स्ट्रोक. नाना पेठेत त्याचं गॅरेज. चेतक, लूना, आरएक्स हंड्रेड यांच्या धुरात त्याची हयात गेली. आता गॅरेज मुलगा बघतो आणि तिथे स्कॅनर आलाय, तरी मामा सकाळी जाऊन बसतोच. पुण्यातून टू-स्ट्रोक हद्दपार झाल्याला जमाना झाला आणि इकडे साडेआठशे सीसीचं, दीडशेच्या वर हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन लोक हौसेने विकत घेतात, हे ऐकून तो खुर्चीत सरसावून बसला. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, गिअर नाहीत, कायनेटिक होंडासारखाच बेल्टचा व्हेरिएटर, एवढ्यात त्याला अख्खी गाडी कळली.

गाडी माझी नाही, शेजाऱ्याची. कंपनीतूनच टर्बो लागून आलेली टू-स्ट्रोक स्नोमोबाइल २०२० च्या मॉडेलपासून मिळायला लागली. याची त्याआधीची, म्हणून त्याने एका ओळखीच्याकडून टर्बोचं बाहेरचं किट बसवून घेतलं. आदल्या दिवसापर्यंत एका झटक्यात चालू होणारी गाडी किट बसल्यावर हूं की चूं करेना. गाडी चालू करायची दोरी ओढून ओढून दोघांचे खांदे भरून आले. गॅरेज गरम नाही, बाहेर उणे अठरा. मग रात्री नऊला, म्हणजे पुण्यात सकाळी साडेदहाला, मामाला व्हिडिओ कॉल लावला. मागे चहावाला ग्लास ठेवून गेला तेही दिसलं, आणि आम्हाला फारच वाईट वाटलं.

"आडवी करून बघितली का?" हा पहिला सल्ला. पुण्यात चेतक चालवलेल्या माणसाला हा सांगावा लागत नाही. सव्वादोनशे किलोची गाडी आडवी होणार नाही आणि हिला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टर आहेत, हे समजावल्यावर मामा कामाचं बोलायला लागला.

"टर्बोला सोड. तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. इंजिनच चालू नाही तर त्याला फिरवणार कोण? तो बसवताना कशाकशाला हात लागला, तेवढंच सांग."

इथेच माझ्या मते अर्धं काम झालं. आम्ही तोवर टर्बोचे पाइप, क्लॅम्प, इंटरकूलर उघडत बसलो होतो. दोरी ओढण्याच्या वेगात टर्बो जवळजवळ मुका असतो. तो धड बसला नसेल तर गाडी वाईट चालेल, पण इतकी ठार बंद सहसा पडणार नाही. (पाइपात चिंधी राहिली असेल तर गोष्ट वेगळी. बोल्ट आत पडू नये म्हणून बोळा कोंबायचा आणि तो तसाच विसरायचा, हा प्रकार नाना पेठेत आणि कॅनडात सारखाच चालतो. आम्ही बघितलं, नव्हती.)

मग ओळीने बघत गेलो. हँडलवरचं लाल बटण आणि चालकाच्या जॅकेटला अडकवायची सुरक्षा दोरी, दोन्ही जागेवर. कॉम्प्रेशन पहिल्यापेक्षा थोडं कमी, पण किटसोबत हेडखाली जाड गॅस्केट येतं, तेव्हा ते तसंच असायचं, आणि दोन्ही सिलिंडरचं सारखं होतं. प्लग काढले तर कोरडे ठणठणीत. पेट्रोलचा वास नाही. प्लग हेडला टेकवून करंट बघायला निघालो तेव्हा मामानेच थांबवलं. इंजेक्टरच्या गाडीत अर्थिंग नीट लागलं नाही तर कॉम्प्युटर उडतो, असं मुलाने त्याला बजावलंय. टेस्टर लावला. ठिणगी एखाद्या वेळी पुसट, एरवी नाहीच. पेट्रोलच्या प्रेशरचा काटाही जागचा हलेना.

"दोन्ही एकदम मेले म्हणजे दोघांचा बाप एकच. बॅटरी बघ."

बॅटरी नाही. वजन वाचवायला डोंगरातल्या बऱ्याच गाड्यांना नसतेच. दोरी ओढली की मॅग्नेटो, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज करणारा भाग, फिरतो, तेवढ्या विजेवर कॉम्प्युटर जागा होतो, पंप पेट्रोल ढकलतो, इंजेक्टर उघडतो, प्लग पेटतो. सगळं त्या अर्ध्या क्षणात. हे ऐकून मामा हसला. "म्हणजे चेतकचा दिवा! गाडी हळू केली की मिणमिणायचा. आता मला सांग, त्या किटवाल्याने विजेवर आणखी काय काय टांगलंय?"

टॉर्च घेऊन वायरिंग धरत गेलो. किटचा जादा पेट्रोल पंप आणि पेट्रोल वाढवणारा छोटा कंट्रोलर, दोन्ही कॉम्प्युटरच्याच वायरवर कापून जोडलेले. वर काळी टेप, अगदी व्यवस्थित. म्हणजे जी वीज मुळात पुरून जेमतेम उरायची, तीत आणखी दोन खाणारे.

खात्री करायला चाचणीच्या कनेक्टरला बाहेरून कारची बॅटरी लावली. पंप गुणगुणला आणि गाडी पहिल्याच ओढीत पेटली. बॅटरी काढून गार झाल्यावर पुन्हा मुकी. मग बॅटरीशिवायच, पण जादा पंपाचा फ्यूज काढून दोरी ओढली, तर जरा कुरकुरत का होईना, चालू झाली. चोर सापडला. शेजारी लगेच रेस द्यायला लागला, तेव्हा मी त्याचा हातच धरला. जादा पंप बंद आणि टर्बो मात्र हवा भरतोय, अशा वेळी मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन, पिस्टनला भोक पडायला मिनिटही लागत नाही.

उपाय फार खर्चाचा नव्हता. रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच, टाकून जादा पंपाची वीज वेगळी केली. टर्बोचा दाब तयार झाला की प्रेशर स्विच तो चालू करतो, तोवर पंप गप्प. त्या पंपाची गरज मुळातच दाब आल्यावर असते, सुरू होताना नाही, हे किटवाल्याने लक्षात घ्यायला हवं होतं. कंट्रोलर फारसा खात नाही, तो तिथेच राहू दिला. शेजाऱ्याला आता एक छोटी लिथियम बॅटरीही बसवायची आहे. मामाच्या मते हे पैसे घालवायचे धंदे.

दुरुस्तीनंतरचा व्हिडिओ मामाला पाठवला. त्याने आवाज दोनदा ऐकला आणि धूर जास्त आहे म्हणाला. बरोबरच आहे. मिश्रण मुद्दाम थोडं दाट ठेवलंय, मीटर लावून हळूहळू कमी करायचं. ते खालच्या सपाट रस्त्यावर होईल. वर डोंगरात कधी जायचं हे आम्ही नाही, हिमकडे कोसळण्याचा रोजचा अंदाज ठरवतो, आणि या आठवड्यात तो काही चांगला नाही.